बाहुलीच्या डोक्याचा वास

ताईला एखादी गोष्ट आवडली नाही, असं आजवर कुणी तिच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. बालवर्गातल्या मुलांना शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि त्यात तिच्या जिभेला असं काही वळण लागलं, की वाईट शब्द घशातून निघाला तरी ओठांपर्यंत येईतो चांगला होऊन जायचा. कुणी पाच पायांचा घोडा काढून आणला, तर ती म्हणायची, "वा! हा आपला कधी पडायचा नाही." गाणं म्हणताना एखाद्याचा सूर भलतीकडेच गेला, तर, "किती लांब जाऊन आलास रे!" मुलं फुशारून जायची, आईबाप खूश व्हायचे, आणि ताईही सुखात असायची. अडचण एकच होती. तिची धाकटी बहीण परफ्यूम बनवायची, आणि त्या बहिणीला खरं मत हवं असायचं.

धाकटीचं घरातलं नाव छकू. पन्नाशी उलटली, चष्मा नाकावर आला, गुडघे कुरकुरायला लागले, तरी छकूच. दोघी एकाच घरात राहायच्या. पुढच्या दोन खोल्या ताईच्या राज्यात आणि मागची छकूच्या. मागच्या खोलीत भिंतभर फळ्या, फळ्यांवर तपकिरी बाटल्या, टेबलावर इवलासा तराजू, काचेचे ड्रॉपर आणि वास घ्यायच्या कागदाच्या पट्ट्या. त्या खोलीत ताईने काही पुसायला जायचं नाही, असा कडक नियम होता. एकदा तिने कौतुकाने फडकं मारलं होतं, तेव्हा छकू आठवडाभर तिच्याशी पाहुण्यासारखं वागली होती.

छकूचे परफ्यूम मोठे गंभीर असायचे. धूर, सुकं लाकूड, कातडं, जुने कागद. लावणाऱ्याने तोंड लांब करून खिडकीबाहेर बघत बसावं, असे ते वास. प्रत्येक नवा परफ्यूम तयार झाला, की छकू तो ताईच्या मनगटावर लावायची आणि ताईने त्याच्यासकट दिवस काढायचा. ही त्यांच्या घरची पद्धतच होती. "पट्टीवर काय, कुठलाही वास शहाण्यासारखा बसतो," छकू म्हणायची. "अंगावर आला, घाम लागला, काम लागलं, की त्याचे खरे गुण दिसतात." त्यामुळे सकाळी लावायचं, मग त्या जागेला साबण नाही, वरून दुसरं काही नाही, आणि संध्याकाळी येऊन दिवस कसा गेला ते सांगायचं.

ताई संध्याकाळी यायची आणि सांगायची, "भारदस्त आहे गं."

धुराचाही भारदस्त. लाकडाचाही भारदस्त. कातड्याचा तर फारच भारदस्त.

आणि मग एके दिवशी दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला. हमरस्त्यावरच्या या दुकानात छकूच्या बाटल्यांना एक फळी मिळालेली होती, आणि तिचं जे काही विकलं जायचं ते त्या एका फळीवरून. मालकीणबाई बोलायला गोड होत्या, पण बोलणं सरळ होतं. "तुमचे वास थोर आहेत हो, पण धूळ खात पडलेत. मुली येतात, गोड मागतात. फळं, फुलं, असं छान काहीतरी. तुम्ही देणार असाल तर फळी तुमची. नाहीतर दुसरी एक जण विचारतेय."

छकूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "गोड म्हणे! सरबताची गाडी लावू का मी?" दोन दिवस ती घरभर आदळआपट करत हिंडली. तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीचं दार लागलं, आणि दाराखालून नासपतीचा वास यायला लागला.

मग किती दिवस तो वास येत राहिला! कधी रासबेरी, कधी पीच, कधी गुलाब, कधी जाई, आणि सगळ्यांच्या तळाशी व्हॅनिला नि कस्तुरी. चेष्टेने सुरू झालेल्या कामात छकू पार बुडाली. जेवता जेवता उठायची, दोन थेंब कमी करून यायची. ताईच्या लक्षात आलं होतं. धुराच्या नि लाकडाच्या वासांवर छकू मेहनत घ्यायची. या पोरकट गोड वासावर तिचा जीव जडला होता.

आणि नेमकं तेव्हाच तिचं नाक दमलं.

"मला काहीच लागत नाहीये," एका शनिवारी सकाळी ती ताईला म्हणाली. डोळे तांबारलेले, केस विस्कटलेले. "इतके दिवस हुंगून हुंगून नाक बधिर झालंय. बाटलीत पाणी भरून ठेवलंय असं वाटतं. आणि उद्या सकाळी मालकीणबाई यायच्यात."

"मग?"

"मग काय मग? मनगट पुढे कर. दुसरंही. मानेलाही लावते."

ताईने गुपचूप मान पुढे केली. फवारा उडाला, आणि पिकलेली नासपती, वर रासबेरी, असा सगळा फळांचा बाजार तिच्या अंगावर आला. "किती गोड गं—"

"आत्ता नाही!" छकूने बोट दाखवलं. "आत्ताचं मत म्हणजे वरातीत जावई कसा वाटला विचारण्यासारखं. दिवसभर राहू दे अंगावर. मग सांग. आणि ताई, एक ऐक. आज तू येऊन भारदस्त म्हणालीस ना, तर ही बाटली बेसिनमध्ये ओतून मोकळी होईन."

"अगं, मी कधी खोटं बोलले?"

"पाच पायांचा घोडा!"

ताई चष्म्याची दोरी सरळ करायला लागली. छकूचा आवाज मात्र लगेच खाली आला. "हे बघ, माझं नाक आज कामाचं नाही. उद्या त्यांना घ्या म्हणायचं की थांबा म्हणायचं, हे मी तुझ्यावरच ठरवणार. फळी गेली तर ही खोली मी कशाला उघडी ठेवू, सांग."

पाठीवर पिशवी, गळ्यात चष्म्याची दोरी आणि मनगटावर बहिणीची फळी घेऊन ताई शाळेत निघाली. शनिवार असला तरी तिचा बालवर्ग संध्याकाळपर्यंत भरायचा.

शाळेच्या दारात मावशी झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांनी झाडू थांबवला, दोनदा हवा ओढली. "बाई, जॅमच्या बरणीत पडलात की काय?"

"येतोय का वास?"

"येतोय का? माश्या यायच्या आधी आत जा."

वर्गात तर खटलाच उभा राहिला. ताईने आपल्या मुलांना मनातल्या मनात नावं ठेवलेली असायची, छकूखेरीज कुणाला न सांगता. एका मुलीचं नाव वकील, कारण ती प्रत्येक गोष्टीवर आक्षेप घ्यायची. एक मुलगा ढगोबा, तो कायम वर कुठेतरी असायचा. आणि सगळ्यांत लहान, जिचे पाय खुर्चीवरून जमिनीला टेकत नसत, ती मुंगी.

वकिलीणबाईंनी कमरेवर हात ठेवले. "बाई, तुम्ही काहीतरी खाल्लंय. आम्हाला न देता."

"नाही गं, काही नाही खाल्लं."

"जीभ दाखवा."

बाईंनी जीभ दाखवली. सगळा वर्ग वाकून बघून आला. जीभ स्वच्छ निघाली, तरी वकिलीणबाईंचं समाधान झालं नाही. "गिळलं असेल," असा शेरा मारून त्या जागेवर बसल्या.

ताईचा जीव मात्र भांड्यात पडला होता. मुलांना खाऊची आठवण येते म्हणजे काम फत्ते. संध्याकाळी छकूला सांगायला केवढं मिळालं!

पण मुलं रंगकामाला बसली, ताईने सहज मनगट नाकापाशी नेलं. काही नाही. दुसरं मनगट. तिथेही काही नाही. खडूची भुकटी, डिंक, थोडा ओला रंग, बस. नासपती नाही, रासबेरी नाही, फुलांचा तर पत्ताच नाही. एवढ्यात गेलं? अजून छोटी सुट्टीही झाली नाही!

तिचं रंगकामातलं लक्ष उडालं. एकीकडे मुलांचे ब्रश धुऊन देत होती, आणि दुसरीकडे तिची जीभ नेहमीच्या सवयीने कामाला लागली होती. संध्याकाळी काय म्हणायचं? 'सुटसुटीत आहे गं.' 'लाजरं आहे.' 'उगाच मागे लागत नाही माणसाच्या.' एकेक वाक्य तिला मनात छान वाटायचं, आणि पुढच्या क्षणी डोळ्यांपुढे छकूचं ते तांबारलेलं तोंड यायचं.

छोट्या सुट्टीनंतर मुंगी तिच्याकडे बुटाचा बंद बांधून घ्यायला आली. बंद बांधून झाला तरी जाईना. ताईच्या मनगटाला नाक लावून उभीच राहिली.

"काय गं?"

"बाई, तुम्हाला बाहुलीच्या डोक्याचा वास येतो."

"कशाचा?"

मुंगीला शब्दांवर फारसा भरवसा नव्हता. ती तुरुतुरु खेळण्यांच्या कोपऱ्यात गेली, रबरी बाहुली पायाला धरून घेऊन आली, आणि तिचं टक्कल ताईच्या नाकाशी टेकवलं. ताईने वास घेतला. गोडसर, बंद खोक्यातल्यासारखा, रबरी. बाहुलीच्या डोक्याला बाहुलीच्या डोक्याचा वास येत होता, यात शंका नव्हती.

एवढ्यात वकिलीणबाई आल्या. त्यांनी एकदा मनगट हुंगलं, एकदा बाहुली हुंगली, आणि निकाल दिला. "बरोबर आहे. आणि नवीन चपलेचा पण येतो." मग काय, सगळा वर्गच रांग लावून वास घेऊन गेला. सगळ्यांचं एकमत झालं. बाहुली.

ताईने शेवटचा प्रयत्न केला. तिने मुंगीला जवळ ओढलं. "पण छान वास आहे ना?"

मुंगीने नीट विचार केला. "बाहुलीला छान," ती म्हणाली. "बाईला नाही."

ताई खुर्चीवर बसली. तिला दोन गोष्टी एकदमच कळल्या होत्या. एक म्हणजे वास गेलेला नव्हताच. दमलं होतं ते तिचं नाक. सकाळपासून मानेवर नि मनगटावर तेच तेच घेऊन हिंडल्यावर तेही बधिर झालं होतं. आणि दुसरी गोष्ट बाहुली, जिच्याबद्दल तिला इतक्यात विचार करायचा नव्हता.

पण इतकी वर्षं मुलांत काढलेल्या माणसाला समोर आलेला धडा सोडवत नाही. आपलं नाक चालत नसेल, तर इथे ताजीतवानी नाकं वर्गभर पसरलेली आहेत. पुसून घ्यावी लागतील, एवढंच. "चला," तिने टाळी वाजवली. "आज आपला नवा खेळ. मी मनगट पुढे करणार. तुम्ही डोळे मिटायचे, वास घ्यायचा, आणि डोळ्यांपुढे काय येतं ते सांगायचं. उत्तर चुकत नाही."

"चुकत नाही तर मग खेळ कसला?" वकिलीणबाई म्हणाल्या. पण डोळे त्यांनी सगळ्यांत आधी मिटले.

जेवणाचे डबे उघडेपर्यंत बाहुली हलली नाही. ताई मनगट फिरवत राहिली, मुलं "बाहुली", "बाहुलीच", "अजून बाहुली" म्हणत राहिली, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, कुणीतरी आपल्या धाकट्या बहिणीला चिमटा काढतंय.

मग डबे संपले, हात धुऊन झाले, आणि ढगोबाने मनगटावर नाक ठेवलं. तो इतका वेळ गप्प राहिला, की त्याला झोप लागली की काय असं ताईला वाटलं.

"बाहुली गेली," तो शेवटी म्हणाला.

"कुठे गेली?"

"माहीत नाही. आता तिथे फुलं आहेत. गुलाबी. नुकतंच पाणी घातलंय त्यांना."

वकिलीणबाईंनी धावत येऊन खात्री करून घेतली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "फुलं आधी नव्हती. मग आली कुठून? बाई, तुम्ही मध्ये गुपचूप काहीतरी लावलंत."

"नाही गं."

"शप्पथ?"

"शप्पथ. तीच फुलं. आतमध्ये होती, ती आत्ता बाहेर आली."

"उशीर झाला त्यांना," वकिलीणबाई म्हणाल्या. त्यांना स्वतःला रोज शाळेला उशीर व्हायचा, पण ते वेगळं.

दुपारी सतरंजीवर मुलांना झोपवायचं असायचं. बाकीची झोपली. मुंगीला झोप येईना, म्हणून ती ताईच्या मांडीवर आली, आणि ताईचा हात उशीसारखा गालाखाली घेऊन पडली. पडद्यातून ऊन येत होतं. पंखा हळू फिरत होता. ताईने अगदी खालच्या आवाजात विचारलं, "आता कशाचा वास येतो गं?"

मुंगी डोळे मिटूनच होती. "पांघरुणाच्या आतला," ती म्हणाली, आणि झोपून गेली.

ताईचा हात अवघडला, मुंग्या आल्या, तरी शाळा सुटण्याची घंटा होईपर्यंत तिने तो काढला नाही. संध्याकाळी मुंगीची आई न्यायला आली, तिने लेकीला उचललं, तिच्या केसांत नाक घातलं नि थबकली. "बाई, हे कुठलं लावता तुम्ही? हिच्या केसांना किती छान येतोय. नाव सांगाल?"

"अजून नाव ठेवायचंय त्याचं," ताई म्हणाली, आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली.

घरी जाताना मात्र तिची पावलं जड व्हायला लागली. सकाळचा जॅम, दुपारची फुलं, संध्याकाळचं पांघरूण, एवढं सगळं चांगलं पदरात होतं. फक्त मधली ती बाहुली. ती सांगायलाच हवी का? मालकीणबाई उद्या येतील, पहिल्या फवाऱ्याला भुलतील, घेऊन जातील. फळी राहील. आणि सांगितलं तर? छकूचा काय नेम! पूर्वी एक संत्र्याचा परफ्यूम असाच तिने रागाच्या भरात ओतून दिला होता, नळाला दोन दिवस संत्र्याचा वास येत होता. बाटली गेली, की फळी गेली, आणि फळी गेली, की मागची खोली बंद. एका बाहुलीसाठी? छे! ताईने कोपऱ्यावर ठरवून टाकलं. जे चांगलं आहे तेवढं सांगायचं. ते खोटं थोडंच आहे!

छकू दारातच उभी होती. "बोल."

ताईने चप्पलसुद्धा काढली नाही, बोलायला सुरुवात केली. जॅमची बरणी, माश्या, बाहेर काढलेली जीभ, ढगोबाची पाणी घातलेली फुलं, सगळं रंगवून सांगितलं. छकू प्रत्येक गोष्टीला नुसतं "हं" म्हणत होती. पांघरुणापाशी आल्यावर ती "हं"ही म्हणाली नाही. "पांघरुणाच्या आतला?" तिने हळूच विचारलं.

"हो. आणि तिच्या आईने नाव विचारलं, कुठलं लावता म्हणून."

छकूचा चेहरा मिटत गेला. "म्हणजे सगळंच छान."

"छानच आहे गं."

"सकाळी छान, दुपारी छान, संध्याकाळी छान. ताई, कुठलाही वास असा दिवसभर शहाण्यासारखा वागत नाही गं. तू पुन्हा तेच करतेयस." तिच्या आवाजात रागही नव्हता, नुसता थकवा होता, आणि तो ताईला रागापेक्षा जास्त लागला. "तुला विचारण्यापेक्षा भिंतीला विचारलं असतं. भिंत निदान छान तरी म्हणत नाही. ते पांघरूणबिंघरूण तूच मनाने घातलं असशील, मला बरं वाटावं म्हणून."

"नाही गं! मुंगी खरंच म्हणाली!"

"म्हणाली असेल. पण मी कशावरून धरू? तुझं चांगलं कुठे संपतं आणि खरं कुठे सुरू होतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही." छकू वळली. "जाऊ दे. उद्या त्यांना नाही सांगते. स्वतःलाच माहीत नाही तो माल मी कुणाच्या गळ्यात मारणार नाही."

ती मागच्या खोलीकडे निघाली. टेबलावरची बाटली तिने उचललेली ताईला दारातून दिसली. ताईच्या घशातून एक शब्द निघाला. इतक्या वर्षांत त्या वाटेने असला शब्द बाहेर आलाच नव्हता, त्याला रस्ता माहीत नव्हता.

"बाहुली," ती म्हणाली.

"काय?"

"बाहुलीच्या डोक्याचा वास येतो." सुई टोचून घेताना मिटावेत तसे ताईने डोळे घट्ट मिटून घेतले होते. "छोट्या सुट्टीनंतर. रबरी बाहुलीच्या. टकल्या. आणि नवीन चपलेचा पण. सगळा वर्ग म्हणाला. मुंगी म्हणाली, बाहुलीला छान, बाईला नाही."

ताईने एक डोळा उघडला. छकू बाटली हातात धरून स्टुलावर बसली होती.

"पुन्हा म्हण."

"नको ना गं."

"पुन्हा म्हण म्हणते ना!"

"बाहुलीच्या डोक्याचा."

"कधीपासून कधीपर्यंत?"

"छोट्या सुट्टीपासून डबे खाऊन होईपर्यंत."

"आणि मग एकदम फुलं?"

"एकदम. वकिलीणबाई म्हणाल्या, त्यांना उशीर झाला."

"पीच!" छकूने टेबलावर अशी थाप मारली, की ड्रॉपर उडाले. "पीचचा हात जड झालाय माझा! मला शंका होतीच, पण नाक ऐकायला तयार नव्हतं. फळं लवकर उठून जातात, फुलं अजून यायची असतात, आणि मध्ये हा एकटा पीच रिकाम्या घरात रबर चघळत बसतो! आणि जाई पुढे आणायला हवी. जाईला कुणी सांगितलं होतं जेवणाची वाट बघायला!"

"म्हणजे ओतून नाही ना देणार?" ताईने भीत भीत विचारलं.

"ओतून? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पांघरुणापर्यंत पोचलंय ते!" छकूने चष्मा काढला आणि पदराने पुसला, मग डोळेही पुसले. "आता विश्वास बसला मला त्या पांघरुणावर. बाहुली आधीच सांगितली असतीस, तर आल्या आल्या रडले असते ना गं मी आनंदाने. एवढा वेळ फुकट घालवलास."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मालकीणबाई सकाळीच आल्या, आल्या आल्या मनगट पुढे केलं, आणि पहिल्या फवाऱ्याला त्यांचे डोळे चमकले. "हेच! अगदी हेच! द्या, आजच लावते फळीवर."

"आज नाही," छकू म्हणाली. "आत बाहुली आहे."

मालकीणबाईंनी ताईकडे पाहिलं. ताईने पदराशी चाळा करत मान हलवली. "आहे," ती म्हणाली. कालच्यापेक्षा हा शब्द जरा सोपा गेला.

"अहो, कसली बाहुली?"

"थोड्या वेळाने कळेल. हात धुऊ नका. कळलं, की मला फोन करा, आणि मग फळी द्यायची की नाही ते सांगा. मला आणखी थोडे दिवस लागतील."

मालकीणबाई नाराज होऊन गेल्या. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत दोघी बहिणी खिडकीत उभ्या होत्या. मग सगळी सकाळ छकू फोनभोवती घुटमळली आणि ताई छकूभोवती. जेवण कुणालाच गेलं नाही. चहाच्या वेळेला एकदाचा फोन वाजला, आणि छकूने तो दोन्ही हातांनी धरला.

"अगबाई, खरंच हो!" मालकीणबाईंचा आवाज ताईपर्यंत ऐकू येत होता. "गिऱ्हाइकापुढे हात केला, तर ती म्हणाली, खेळणी पण ठेवता का? पण आता जे उरलंय ना, ते... मला सोडवेना. दुपारपासून मी बाही नाकाशी धरून बसलेय. घ्या तुमचे दिवस. फळी ठेवते. त्या दुसरीला सांगते जागा नाही म्हणून. पण ती बाहुली काढाच."

छकूने फोन ठेवला आणि ताईला अशी मिठी मारली, की ताईचा चष्मा दोरीवर लोंबकळायला लागला.

तिथेच थांबली असती तर बरं. पण संध्याकाळी जेवायला बसल्यावर, पहिला घास घेता घेता, तिने विचारलं, "ताई, आता तू खरं बोलायला शिकलीच आहेस, तर सांग. माझा तो कातड्याचा परफ्यूम. कसा होता?"

ताईच्या ओठांवर "भारदस्त" अगदी येऊन उभं राहिलं होतं. तिने ते पाण्याबरोबर गिळलं.

"आमच्या शाळेच्या मोठ्या बाईंच्या पर्ससारखा," ती म्हणाली. "आतून."

छकूचा घास हातातच राहिला. "पर्ससारखा."

"तूच विचारलंस."

ताईने मीठ मागितलं, तर मीठ आलं, पण शब्द आला नाही. ताईला वाटलं, झालं, कमावलेलं एका दिवसात घालवलं. ताटं उचलून झाली. नळ सुरू झाला. छकू पाठमोरी उभी राहून एकच ताट कितीतरी वेळ घासत होती.

"आतून म्हणजे," ती वळून न बघता म्हणाली, "नक्की कुठल्या कप्प्यात?"

ताईने विचार केला. या वेळी गोड शब्द शोधायला तिची जीभ गेलीच नाही.

"खालच्या. जिथे त्या खोकल्याच्या गोळ्या ठेवतात."

छकूने नळ बंद केला, हात पुसले, आणि ओल्या ताटांकडे ढुंकूनही न बघता मागच्या खोलीत निघाली. "ये ना आत," तिथून तिचा आवाज आला. "आणि फडकं बाहेर ठेवून ये."